नाकावरील न भरणारी जखम

मांजराच्या नाकावर ओरखडा दिसला म्हणजे घरांतील माणसें त्याचें जें कारण सांगतात, तें बहुधा ठरलेलें असतें. शेजारच्या बोक्याशीं झुंज झाली असेल, घुशीनें चावा घेतला असेल, नाहीं तर उकळत्या दुधाच्या पातेल्यांत तोंड घातलें असेल. हीं कारणें पुष्कळ वेळां खरींहि असतात, आणि आठ-पंधरा दिवसांत खपली पडून नाक पूर्ववत् होतें. मला आज बोलावयाचें आहे तें निराळ्या जखमेविषयीं. हिची खपली धरते, पडते, पुन्हां धरते, आणि असें होतां होतां सहा महिने निघून जातात. मांजर जेवतें, खेळतें, उंदीर धरतें. म्हणून कोणाला काळजी वाटत नाहीं. पुढें नाकपुडीची कड झिजलेली दिसूं लागते, तेव्हां घरांतील कोणी तरी म्हणतें कीं, हें कांहीं बोक्याचें काम नव्हे. तोंवर सोप्या उपचाराची वेळ बहुधा टळलेली असते.

ही जखम म्हणजे नाकाच्या कातडीचा कर्करोग असूं शकतो. प्राण्यांच्या कर्करोगांपैकीं कांहीं असे आहेत कीं, ते लवकर ओळखले काय आणि उशिरां ओळखले काय, हातीं फारसें कांहीं लागत नाहीं. हा त्यांतला नव्हे. येथें चार महिन्यांचा उशीर म्हणजे किरकोळ उपचार आणि मोठी शस्त्रक्रिया यांतील अंतर होय, आणि वर्षाचा उशीर म्हणजे कित्येकदां प्राणास मुकणें होय. म्हणूनच हा विषय मीं निवडला.

श्रोतेहो, जनावराला कर्करोग होतो हें ऐकून शहरांतील सुशिक्षित घरांत अजूनहि नवल व्यक्त होतें. शेतकऱ्याला त्याचें नवल नाहीं. भरल्या वयाच्या बैलाचें एक शिंग बुडाशीं दुखूं लागतें; बैल मान एका बाजूस कलती धरतो, डोकें झटकतो; त्याच बाजूच्या नाकपुडींतून रक्तमिश्रित पाणी येतें, आणि अखेर शिंग डुलूं लागून लोंबतें. तो शिंगाचा कर्करोग. शिंगाच्या पोकळीचें अस्तर कपाळाच्या हाडांतील पोकळीशीं, आणि तिच्या वाटेनें नाकाशीं जोडलेलें असतें. त्या अस्तरांतील चपट्या पेशी बेसुमार वाढूं लागल्या म्हणजे हा रोग होतो. मांजराच्या नाकावर होणारा रोग याच कुळींतला आहे. फरक इतकाच कीं, तो आंतल्या अस्तरांत न होतां वरच्या कातडींत होतो. वैद्यकांत यास स्क्वेमस सेल कार्सिनोमा असें नांव आहे. आपण येथें त्याला चपट्या पेशींचा कर्करोग म्हणूं.

मांजराच्या बाबतींत या रोगाचें मुख्य कारण म्हणजे ऊन. सूर्यप्रकाशांत डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. ते कातडीच्या पेशींच्या केंद्रांतील आनुवंशिक द्रव्याची मोडतोड करतात. शरीर ही मोडतोड रोजच्या रोज दुरुस्त करीत असतें. परंतु वर्षानुवर्षें तोच मारा त्याच जागीं होत राहिला तर एखादी चूक दुरुस्तीवांचून राहून जाते, आणि तेथून पेशींची वाढ ताळतंत्र सोडते. काळ्या रंगद्रव्याची कातडी हे किरण बऱ्याच अंशीं अडविते. ज्या मांजराचें नाक काळें किंवा गडद विटकरी आहे, त्याला हें भय फार थोडें. ज्याचें नाक गुलाबी, चेहरा पांढरा, कानांच्या टोकांवर केंस विरळ आणि पापण्यांच्या कडा उघड्या, त्याला तें मोठें. सर्वांगानें पांढरें मांजरच असलें पाहिजे असें नाहीं. पाठ काळी आणि तोंड पांढरें असलें तरी नाकापुरता धोका तेवढाच. कॅलिफोर्नियांत झालेल्या आणि १९७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत पांढऱ्या मांजरांत कातडीच्या या कर्करोगाचा संभव इतरांच्या सुमारें १३ पट आढळला होता. रोग बहुधा दहा-बारा वर्षांच्या, म्हणजे उतार वयाच्या मांजरांत दिसून येतो. उन्हाचा हिशेब चुकता व्हावयास तेवढा काळ लागतो.

आपल्या मनांत ऊन आणि कर्करोग यांची सांगड सहसा बसत नाहीं, यालाहि कारण आहे. आपण सांवळीं माणसें. उन्हामुळें होणारा कातडीचा कर्करोग गोऱ्या लोकांत जितका आढळतो, तितका आपल्यांत आढळत नाहीं. मुंबईस १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथें रोगनिदानाचें काम करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं १९४५ सालीं जो कातडीचा कर्करोग वर्णन करून जगापुढें मांडला, तो उन्हाचा नव्हे, धोतराचा होता. कंबरेस जेथें धोतर वर्षानुवर्षें घट्ट कसलें जातें, त्या पट्ट्यांत घर्षणानें तो होई. आपल्या कातडीला जाच होतो तो असा. ऊन ती सोसते. म्हणून दिवसभर गच्चीवर अंग सैल टाकून पडलेलें पांढरें मांजर पाहून आपल्याला कौतुक वाटतें, शंका येत नाहीं. वस्तुतः रंगाच्या दृष्टीनें तें मांजर आपल्या घरांतील एकटें गोरें माणूस आहे.

रोग एकाएकीं येत नाहीं. पहिल्यानें नाकाचा बिनकेसाचा भाग किंवा नाकपुडीची कड लालसर दिसते, कातडी खरखरीत होऊन तिचे बारीक पापुद्रे सुटतात. ही कर्करोगाची पूर्वावस्था. ती महिनेच्या महिने, कधीं वर्षेंहि, अशीच राहते. नंतर काळसर खपली धरते. ती निघाली कीं खालीं उथळ व्रण दिसतो व त्यांतून थोडें रक्त येतें. या वेळीं बिघडलेल्या पेशी कातडीच्या वरच्या थरांतच असतात. त्या थराचा तळ फोडून त्या खालीं उतरल्या म्हणजे तिसरी अवस्था: व्रण खोल जातो, कूर्चा खाल्ली जाते, नाकाचा आकार बिघडतो, शिंकांबरोबर रक्ताचे शिंतोडे उडतात. या रोगाचा एक गुण सांगितला पाहिजे. तो जागच्या जागीं पोंखरतो, पण दूर फार उशिरां जातो. जबड्याखालच्या रसग्रंथींत आणि फुप्फुसांत तो पोंचतो, परंतु पुष्कळ काळानें. उपचाराला जी सवड मिळते ती या गुणामुळें, आणि आपण ती वाया घालवितों तीहि याच गुणामुळें. कारण मांजर आजारी दिसतच नाहीं.

आमचें हुपरी गांव चांदीच्या दागिन्यांचें. पैंजणें, तोडे, करदोडे घडविण्याचें काम येथें घरोघर चालतें, आणि भट्टीच्या उबेला मांजरेंहि पुष्कळ असतात. अशाच एका कारागिराच्या घरीं एक पांढरी शुभ्र भाटी होती. ती नऊ वर्षांची असतांना तिच्या डाव्या नाकपुडीवर खपली दिसूं लागली. हळद आणि तूप लावून झालें, एका औषधाच्या दुकानांतून आणलेलें मलम लावून झालें. मलम ती तत्काळ चाटून टाकी. मग कोणी सल्ला दिला कीं, तेजाबाचा एक थेंब काडीनें लावा, म्हणजे जळून जाईल. चांदीच्या गांवांत तेजाब शोधावयास लांब जावें लागत नाहीं. सल्ला अगदींच वेडेपणाचा होता असेंहि नव्हे; चांदी तेजाबांत विरघळवून होणाऱ्या क्षाराची कांडी शस्त्रवैद्य शतकानुशतकें वाढलेलें मांस जाळण्यास वापरीत आले आहेत. पण अशानें वरचा भाग जळतो आणि मूळ खालीं तसेंच राहतें. वर नवी खपली धरते आणि घरच्यांना वाटतें, आतां भरत आलें. सुदैवानें घरच्या बाईनें तें करूं दिलें नाहीं. पशुवैद्यानें तुकडा काढून तपासणीस पाठविला तेव्हां पहिली खपली दिसल्यास दहा महिने होऊन गेले होते, आणि रोग कूर्चेपर्यंत पोंचला होता. नाकाचा शेंडा काढावा लागला. मांजर घरीं आलें तेव्हां त्या घरांतील आजीबाई तिच्याकडे पाहीनात. नाकाच्या जागीं दोन उघडीं भोकें, त्यांच्याभोंवतीं टाके; दृश्य खरोखरच अवघड होतें. पंधरा दिवसांनीं भाटी त्याच आजींच्या ताटाशीं जाऊन बसली, आणि प्रश्न मिटला. त्यानंतर ती तीन वर्षें जगली, आणि गेली ती मूत्रपिंडाच्या विकारानें.

या हकिकतींतील महत्त्वाचा शब्द म्हणजे तुकडा. नाकावरच्या जखमेचा नुसत्या डोळ्यांनीं निर्णय होत नाहीं. वरचेवर खरवडून कांचेवर घेतलेल्या नमुन्यांत बहुधा पू आणि सुजेच्या पेशीच दिसतात, आणि कर्करोग नाहीं असा खोटा दिलासा मिळतो. भूल देऊन जखमेच्या कडेचा, थोड्या खोलीचा तुकडा घ्यावा लागतो; तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावर रोगाचें नांव कळतें आणि तो किती खोल गेला आहे याचाहि अंदाज येतो. त्याच वेळीं जबड्याखालच्या ग्रंथी सुईनें तपासतात आणि छातीचें क्ष-किरण चित्र घेतात.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें विचारणाऱ्यांस उत्तर हें कीं, नाकावर असेंच दिसणारे आणखी रोग आहेत व त्यांचे उपचार अगदीं निराळे आहेत. कबुतरांच्या विष्ठेंत वाढणाऱ्या एका बुरशीनें मांजराचें नाक सुजून वर येतें. दुसरी एक बुरशी, स्पोरोथ्रिक्स नांवाची, व्रण पाडते आणि मांजराच्या नखांतून माणसालाहि लागते. म्हणून निदान होईपर्यंत अशी जखम हातमोज्यांवांचून हाताळूं नये. या दोन्ही बुरशी योग्य औषध महिनोन्‌महिने दिलें असतां बऱ्या होतात. कांहीं मांजरांना डांस चावल्यानेंच नाकावर फोड व खपल्या येतात. तें मांजर कांहीं दिवस मच्छरदाणीखालीं अथवा बंद खोलींत ठेवलें कीं निवळतें. निदान न करतां सूज उतरविणारें स्टेरॉइडचें इंजेक्शन टोंचून घेण्याचा प्रघात आहे. त्यानें दोन आठवडे सगळें छान दिसतें. बुरशी असेल तर ती फोफावते, आणि कर्करोग असेल तर वेळ जातो. माझ्या मतें या एका इंजेक्शनानें जितका काळ फुकट गेला आहे, तितका हळदीनेंहि गेला नसेल.

आतां उपचार. रोग वरच्या थरांत असेल तर मार्ग पुष्कळ आहेत. द्रवरूप नायट्रोजन शून्याखालीं १९६ अंश इतका थंड असतो. तो व्रणावर सोडून रोगट पेशी गोठवून मारतां येतात. काम थोड्या वेळाचें. पण किती खोलवर गोठलें हें डोळ्यांनीं दिसत नसल्यामुळें लहान व उथळ व्रणापुरतेंच तें चांगलें. दुसरा मार्ग स्ट्रॉन्शियम-९० या किरणोत्सर्गी द्रव्याचा. त्याची चकती असलेली कांडी व्रणावर कांहीं काळ टेंकवून धरतात. तिचे किरण कातडींत अवघे दोन-तीन मिलिमीटरच शिरतात, त्यामुळें रोगट थर मरतो आणि खालचें नाक शाबूत राहतें. उथळ रोगांत याचे परिणाम उत्कृष्ट आहेत. पण ही सोय परदेशांतील ठराविक रुग्णालयांतच मिळते. प्रकाशानें जागृत होणारें औषध लावून त्यावर विशिष्ट रंगाचा प्रकाश पाडण्याचीहि एक रीत आहे. तींत व्रण भरतो, पण पुष्कळांत तो परत येतो. ब्लिओमायसिन नांवाचें औषध देऊन त्याच जागीं विजेचे अतिसूक्ष्म ठोके देण्याची नवी पद्धतहि निघाली आहे. विजेच्या ठोक्यानें पेशींच्या आवरणाला क्षणभर भोकें पडतात, व एरवीं आंत न शिरणारें औषध आंत शिरतें.

रोग खोल गेला असेल तर एकच भरंवशाचा उपाय, तो शस्त्रक्रियेचा. नाकाचा बिनकेसाचा सगळा भाग, रोगाच्या कडेपलीकडील कांहीं मिलिमीटर निरोगी कातडीसह काढून टाकतात आणि उरलेली कातडी नाकपुड्यांच्या भोंवतीं शिवतात. काढलेल्या भागाच्या कडा पुन्हां सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. त्या स्वच्छ आढळल्या तर बहुसंख्य मांजरें दीर्घकाळ रोगमुक्त राहतात. हें ऐकून घरचीं माणसें हादरतात. नाक कापणें हा शब्दप्रयोगच आपल्या भाषेंत अब्रूशीं जोडलेला आहे. पण मांजराला आरसा ठाऊक नाहीं. तें श्वास घेतें, जेवतें, अंग चाटतें, आणि वास घेण्याची शक्ति नाकाच्या आंत खोलवर असल्यामुळें वासहि घेतें. अडचणी येतात त्या वेगळ्या: पहिले कांहीं दिवस खपल्यांनीं भोकें बुजतात, त्या कोमट पाण्यानें भिजवून हलक्या हातानें काढाव्या लागतात, आणि कांहींत पुढें व्रण भरतांना भोंक आकसून अरुंद होतें व पुन्हां मोठें करावें लागतें. पहिल्या दिवसांत मांजर जेवणाकडे पाहत नाहीं, तेव्हां अन्न कोमट करून द्यावें म्हणजे त्याचा वास पसरतो. कानाच्या टोकावर हाच रोग असेल तर काम याहूनहि सोपें. कानाचा वरचा भाग काढला कीं बहुधा रोग संपतो.

येथें घरगुती औषधांविषयीं एक इशारा द्यावयाचा आहे, कारण ही चूक प्राणघातक आहे. माणसाच्या कातडीच्या पूर्वकर्करोगावर फ्लुओरोयुरॅसिल नांवाचें मलम वापरतात. तें मांजराला लावणें म्हणजे विष देणें. तें चाटून झटके येतात व मांजर मरतें. कुत्र्यांनाहि तें घातक आहे. दुखणें थांबावें म्हणून पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधींहि देऊं नये. एक गोळीसुद्धां जीव घेऊं शकते. जस्ताचें मलम आणि माणसांसाठीं मिळणारीं ऊन-प्रतिबंधक मलमेंहि चाटण्यांत गेलीं असतां अपाय करतात. नाकावर गोंदवून घेऊन काळा रंग भरल्यास संरक्षण मिळेल, ही कल्पना मध्यंतरीं निघाली होती. पण गोंदणाचा रंग कातडीच्या खालच्या थरांत बसतो आणि वरच्या पेशी उघड्याच राहतात. त्यापेक्षां सकाळीं दहा ते दुपारीं चार या वेळांत पांढऱ्या मांजराला घरांत ठेवणें हें अधिक उपयोगी. हें सांगणें सोपें आणि करणें कठीण, हें मांजर पाळणाऱ्यांस सांगावयास नको. परंतु गच्चीचें दार लावून घेणें तरी आपल्या हातीं आहे.

कुत्र्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांचें नाक बहुधा काळें असतें. तरीहि नाकाच्या बोंडावर हा कर्करोग होतो, आणि तो मांजरांपेक्षां कमी वेळां पण अधिक जोरानें वाढतो. तेथें उन्हाचा संबंध तितका स्पष्ट नाहीं. लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर या जातींत तो अधिक आढळतो. किरणोपचाराला तो फारसा दाद देत नाहीं. म्हणून नाकाच्या बोंडासह वरच्या जबड्याचा पुढचा भाग काढण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. कुत्र्याच्या काळ्या नाकाचा रंग एकाएकीं उतरूं लागून तें गुळगुळीत व करडें पडलें, तर तो बहुधा शरीराच्या स्वतःविरुद्ध झालेल्या प्रतिकाराचा विकार असतो. तो औषधानें आटोक्यांत राहतो, पण वर्षानुवर्षें दुर्लक्षिलेल्या अशा नाकावर पुढें कर्करोग झाल्याचीं उदाहरणें आहेत.

मात्र आपल्याकडे कुत्र्याच्या नाकाचा विचार करतांना एक रोग सर्वांआधीं मनांत आणला पाहिजे, कारण तो आपल्या रस्त्यांवर पुष्कळ आहे आणि तो बरा होतो. हा संसर्गजन्य कर्करोग. एरवीं कर्करोग एकाचा दुसऱ्यास लागत नाहीं, हा लागतो. समागमानें, हुंगण्यानें आणि चाटण्यानें रोगट पेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाऊन रुजतात. जननेंद्रियांवर तो नेहमींचा; पण हुंगण्याच्या संवयीमुळें नाकांतहि होतो. नाक सुजतें, नाकपुडींतून रक्त ठिबकतें, कधीं नाकाच्या हाडावर उंचवटा येतो. रशियांतील नोविन्स्की या पशुवैद्यानें १८७६ सालीं ही गांठ एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर लावून दाखविली. पुढें २००६ सालीं लंडनच्या संशोधकांनीं सिद्ध केलें कीं, जगभरच्या कुत्र्यांतील या गांठींच्या पेशी ज्यांच्या अंगावर त्या वाढतात त्या कुत्र्यांच्या नसून, फार प्राचीन काळीं होऊन गेलेल्या एकाच प्राण्याच्या आहेत. तो प्राणी मेला, त्याचा कर्करोग मात्र हजारों वर्षें अंगावरून अंगावर फिरत राहिला आहे.

याच्यावर जें औषध चालतें त्याचा उगम आपल्या अंगणांत आहे. सदाफुली, जिला देवपूजेच्या परडींत रोज स्थान आहे, ती मूळची मादागास्कर बेटाची. तिचीं पानें मधुमेहावर खाण्याची संवय आपल्याकडेहि आहे. तोच लोकसमज ऐकून कॅनडांतील नोबल आणि बिअर हे संशोधक तिच्या पानांत मधुमेहाचें औषध शोधीत होते. साखर उतरली नाहीं, पण उंदरांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी उतरल्या, आणि त्यांतून १९५८ सालीं विनब्लास्टीन हें द्रव्य हातीं आलें. त्याचेंच भावंड विनक्रिस्टीन १९६३ सालीं अमेरिकेंत औषध म्हणून मान्य झालें. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगांत त्यानें मोठा पालट घडविला, आणि कुत्र्यांच्या या संसर्गजन्य गांठीवर तर तें रामबाण आहे. आठवड्यास एक याप्रमाणें चार ते सहा इंजेक्शनें शिरेंतून दिलीं असतां बहुतेक कुत्रीं पूर्ण बरीं होतात. जें नाक कापावें लागेल असें वाटत होतें, तें दीड महिन्यांत स्वच्छ होतें. इंजेक्शन शिरेबाहेर सांडलें तर तेथील मांस कुजतें, पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून तें जाणत्या पशुवैद्यानेंच दिलें पाहिजे; आणि त्या दिवसांत कुत्र्याचें मलमूत्र उघड्या हातानें साफ करूं नये. सदाफुलीचा पाला वाटून पाजण्याचा मात्र मोह धरूं नये. तिच्यांत इतरहि विषारी द्रव्यें आहेत, आणि औषधी अंश इतका अल्प कीं, सुमारें पांचशें किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम एक ग्रॅम विनब्लास्टीन निघतें. विनक्रिस्टीन त्याहूनहि कमी.

कुत्र्याच्या नाकाच्या आंत खोलवर होणारे इतर कर्करोग याच्या नेमके उलट. लांब नाकाच्या जातींत ते अधिक आढळतात. आपल्या सीमाभागांतील कारवानी आणि मुधोळ कुत्रीं याच लांब नाकाच्या वर्गांतलीं. घरांतील विडी-सिगारेटचा धूर लांब नाकाच्या कुत्र्यांना बाधतो, असें अमेरिकेंत १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिसून आलें. त्याच सुमारास दुसऱ्या एका अभ्यासांत घरांतील कोळशाच्या व रॉकेलच्या शेगड्यांकडेहि बोट दाखविलें गेलें. अशा रोगांत उपचाराविना आयुष्य सुमारें तीन महिन्यांचें, आणि किरणोपचारानें वर्षभराचें किंवा थोडें अधिक. प्राण्यांसाठीं किरणोपचाराची सोय आपल्या देशांत फारच थोड्या ठिकाणीं आहे. एका नाकपुडींतून रक्त येणें एवढेंच लक्षण घेतलें तर त्यामागें गोचिडांमुळें येणारा ताप असूं शकतो, पावसाळ्यांत रानांतून फिरलेल्या कुत्र्याच्या नाकांत शिरलेली जळू असूं शकते, सदाफुलीच्या औषधानें बरी होणारी गांठ असूं शकते, अथवा हा असाध्य रोगहि असूं शकतो. म्हणून कर्करोग शब्द ऐकून आशा सोडूं नये, आणि रक्त थांबलें म्हणून निश्चिंतहि राहूं नये.

दक्षिण महाराष्ट्रांतील मंडळींना तुकडा घेण्यापर्यंतचें काम जवळच्या पशुवैद्याकडे करून घेतां येतें. मोठ्या शस्त्रक्रियेसाठीं सातारा जिल्ह्यांतील शिरवळचें क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं सुरू झालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला लागूनच असलेलें बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचें रुग्णालय आहे. प्रवास आणि खर्च सर्वांनाच झेपतो असें नाहीं. ज्यांना तो झेपत नाहीं त्यांना दोष देणाऱ्यांपैकीं मी नव्हे. परंतु हेंहि खरें कीं, लवकर गेल्यास खर्च थोडा येतो.

आणि ज्या प्राण्याचा रोग उपचारापलीकडे गेला आहे, त्याच्याविषयीं काय? वेदनाशामक औषधें पशुवैद्याकडून मिळतात, त्यानें कांहीं आठवडे बरे जातात. नाक बुजून प्राणी तोंडानें श्वास घेऊं लागला, जेवण सोडलें, कोपऱ्यांत तोंड करून बसूं लागला, म्हणजे पशुवैद्य झोंपेचें अखेरचें इंजेक्शन सुचवितो. आपल्या घरांतून या सूचनेला मोठा विरोध होतो. हत्येचें पाप लागेल असें वडील माणसें म्हणतात. त्यांच्या भावनेचा मी अनादर करीत नाहीं. पण माशा बसूं लागलेला व्रण घेऊन भुकेनें मरूं देणें हें पुण्याचें कसें, हें मला उमगलेलें नाहीं. निर्णय घरच्यांनीं करावा, आणि तो करतांना त्या प्राण्याकडे दिवसांतून दोनदां तरी डोळे भरून पाहावें. लांबून करूं नये.

राहिली एक किरकोळ पण उपयोगाची सूचना. जखम वाढते आहे कीं भरते आहे, हें रोज पाहणाऱ्याच्या लक्षांत येत नाहीं. पांढऱ्या मांजराच्या नाकावर खपली दिसल्या दिवशींच मोबाइलवर त्याचें छायाचित्र घ्यावें, शेजारीं एक रुपयाचें नाणें धरून, म्हणजे आकार कळतो. आणि दर आठवड्याला त्याच उजेडांत तसेंच दुसरें घ्यावें. तीन आठवड्यांनंतर चौथें छायाचित्र पहिल्यापेक्षां लहान दिसलें नाहीं, तर तीं चारी घेऊन पशुवैद्याकडे जावें. बोक्याचा ओरखडा इतके दिवस टिकत नाहीं.